बाळाची लांबी कोण मोजते?

नवे बाळ झाल्याची बातमी कळली की आपल्याकडे मुलगा की मुलगी याच्या पाठोपाठ येणारा प्रश्न ठरलेला असतो: वजन किती? पुढे लसीकरणाला नेले की वजन, अंगणवाडीत नेले की वजन, आणि घरी आल्या-गेल्यांच्या तोंडी बाळशाचे कौतुक नाहीतर 'उतरलंय हो पोर' ही हळहळ. मनगटाला वळ्या पडल्या की घर निर्धास्त होते. नाही पडल्या तर टॉनिकच्या बाटलीचा शोध सुरू होतो. गेल्या तीन महिन्यांत बाळ किती सेंटिमीटर लांब झाले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी घरात कोणाला सांगता येत नाही. पहिल्या दोन वर्षांत बाळाच्या प्रकृतीची सगळ्यात खरी नोंद त्याच्या लांबीत असते, असे माझे म्हणणे आहे. लांबी ज्या गोष्टींनी वाढते त्या बाळसे आणणाऱ्या गोष्टींपेक्षा बऱ्याच वेगळ्या आहेत. आपले घरगुती खाणेपिणे, आपल्या काळज्या आणि कित्येक वर्षे आपल्या सरकारी योजनाही वजनाभोवती फिरत राहिल्या, आणि त्याची किंमत मुले मोजत आली आहेत.

जन्मतः बाळाची लांबी साधारण ५० सेंटिमीटर असते. पहिल्या वर्षात तिच्यात २५ सेंटिमीटरच्या आसपास भर पडते, दुसऱ्या वर्षात सुमारे १२, आणि त्यानंतर वयात येईपर्यंत वर्षाला पाच ते सात-आठ. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मूल आपल्या मोठेपणीच्या उंचीच्या जवळपास निम्मे गाठते. आयुष्यात पुन्हा कधी, अगदी वयात येतानाही, हाडे या गतीने लांब होत नाहीत. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे पातळ थर असतात आणि हे काम तिथे चालते. त्यासाठी उत्तम प्रतीची प्रथिने, जस्त आणि इतर सूक्ष्म घटक अखंड मिळत राहावे लागतात. ते कमी पडले किंवा अंगात जंतुसंसर्ग असला की शरीर जगण्यासाठी तातडीची कामे चालू ठेवते आणि लांब होणे थांबवते. वजन आठवड्याभराच्या जुलाबात घसरते आणि पंधरवड्यात भरून येते. लांबी घसरत नाही, ती फक्त थांबते. हे थांबलेले महिने नजरेला जाणवतही नाहीत, कारण मूल सगळ्या बाजूंनी सारखेच लहान राहते. दीड वर्षाचे मूल वर्षाचे दिसते, त्याचे गाल भरलेले असतात, आणि घरातली माणसे त्याला रोज पाहत असल्याने कोणाला काही वावगे वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की वजनाचा काटा काय उगाच वापरला जातो? तो उगाच वापरला जात नाही. अचानक घसरलेले वजन हा आजाराचा आणि उपासमारीचा पहिला इशारा असतो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर ते तीव्र कुपोषित ठरते आणि त्याच्या जिवाला खरोखर धोका असतो. मेळघाटात आणि नंदुरबारमध्ये मुले दगावत होती तेव्हा वजनावर लक्ष केंद्रित करणे योग्यच होते. पण वाचलेल्या मुलांची संख्या वाढते तसा प्रश्न बदलतो. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील किती मुले वयाच्या मानाने खुजी आहेत, याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले आकडे पाहा. २००५-०६ मध्ये ४६ टक्के, २०१५-१६ मध्ये ३४ टक्के, २०१९-२१ मध्ये ३५ टक्के. पहिल्या दहा वर्षांत मोठी मजल मारली आणि नंतर पाऊल जागच्या जागी थबकले. त्या पहिल्या दहा वर्षांतच, २००५ मध्ये, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले आणि पुढे त्याने गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांवर भर दिला. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात दोन वर्षांखालील मुलांमधला खुजेपणा एक तृतीयांशाहून अधिक होता तो एक चतुर्थांशाच्या आसपास आलेला दिसला. याचे सारे श्रेय एका मिशनला देता येणार नाही. त्या वर्षांत मुलींचे शिक्षण, दवाखान्यातली बाळंतपणे, घरची मिळकत हे सगळेच पुढे सरकत होते. तरी एक गोष्ट त्यातून सिद्ध होते. इथल्या मुलांची लांबी एका पिढीच्याही आत बदलू शकते.

म्हणूनच 'आमच्याकडे सगळे ठेंगणेच, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' हा दुसरा आक्षेप नीट तपासून पाहिला पाहिजे. आनुवंशिकता खोटी नाही. उंच आईबापांची मुले उंच होतात, एकाच गल्लीतल्या दोन निरोगी मुलांत चार बोटांचा फरक असतो. प्रश्न असा आहे की एका देशाची मुले दुसऱ्या देशाच्या मुलांपेक्षा सरासरीने खुजी असतात ती रक्तामुळे का? जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा ठिकाणच्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मापे घेतली: ब्राझीलमधले पेलोतास, घानातले आक्रा, ओमानमधले मस्कत, नॉर्वेतले ऑस्लो, अमेरिकेतले डेव्हिस आणि आपली दिल्ली. मुले निवडली ती अंगावर पिणारी, स्वच्छ घरात वाढणारी, धूम्रपान न करणाऱ्या आयांची. त्यांच्या लांबीत जो काही फरक सापडला त्यातला केवळ तीन टक्क्यांच्या आसपास फरक देशादेशांतला होता; बाकीचा त्या-त्या गावातल्या मुलामुलांमधला. याच अभ्यासावरून २००६ मध्ये जगभर लागू होणारे वाढीचे आलेख तयार झाले, आणि आज आपल्या अंगणवाड्यांमध्ये तेच वापरले जातात. ते गोऱ्या मुलांचे माप आहे, हा समज त्यामुळे टिकत नाही. जन्माआधीच्या वाढीसाठी असाच एक आंतरराष्ट्रीय अभ्यास आठ शहरांत झाला, त्यात ऑक्सफर्ड आणि सिअ‍ॅटलच्या जोडीला आपले नागपूर होते. निरोगी, पुरेसे खाणाऱ्या नागपूरच्या आयांच्या पोटातली बाळे इतर शहरांतल्या बाळांसारखीच लांब होत होती.

तरीही 'आडात नाही' या म्हणण्यात एक वेगळे सत्य दडलेले आहे आणि ते पुण्याजवळच्या सहा गावांनी दाखवून दिले. के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या बायकांचा गरोदरपणाच्या आधीपासून अभ्यास सुरू केला. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण ही लहानखुरी बाळे सगळ्या बाबतीत सारखी लहान नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला बारीक आणि आतून चरबीला झुकलेली अशी ही बाळे होती. आयांच्या खाण्यात कॅलरी किती होत्या याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध सापडला नाही. पालेभाज्या, दूध आणि फळे किती वेळा खाल्ली याचा सापडला. म्हणजे आईकडून बाळाकडे जाते त्यात रक्ताबरोबर तिच्या ताटातली, तिच्या वाढत्या वयात तिला न मिळालेली अशी बरीच कमतरताही असते. अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या मुलीचे स्वतःचे वाढणे पुरते झालेले नसते. तिच्या पोटी येणारे बाळ लहान असते, आणि मग दोन पिढ्यांनी मिळून त्याला 'घराण्याची अंगलट' म्हणून मोकळे व्हायचे, हे मला सगळ्यात जास्त खटकते.

याच पुण्याच्या संशोधनातून तिसरा आक्षेप निघतो आणि तो वजनदार आहे. आपल्या लोकांना मधुमेह लवकर गाठतो. मग मुलांना वाढवण्याच्या नादात आपण उद्याचे मधुमेही तर तयार करत नाही ना? उत्तर लांबी आणि वजन वेगळे केल्यावरच मिळते. दिल्लीत जन्मापासून मोठेपणापर्यंत ज्यांची मापे घेतली गेली अशा लोकांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिशीच्या आसपास ज्यांची रक्तशर्करा बिघडली होती ती माणसे दोन वर्षांपर्यंत बारीक होती आणि नंतर, बारा वर्षांपर्यंत, उंचीच्या मानाने त्यांचे वजन भराभर चढत गेले होते. त्यानंतर २०१३ मध्ये ब्राझील, ग्वाटेमाला, भारत, फिलिपिन्स आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांतल्या अशाच अभ्यासांची मोजदाद एकत्र झाली. पहिल्या दोन वर्षांत जी मुले चांगली लांब झाली ती पुढे उंच झाली, शाळेत जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांना त्याचा विशेष त्रास झाला नाही. जास्त वजन आणि रक्तदाब यांचा संबंध निघाला तो मुख्यतः दोन वर्षांनंतर उंचीला सोडून वाढलेल्या वजनाशी. तेव्हा भीती बाळगायची ती चार-पाच वर्षांच्या मुलाला कोंबून गुबगुबीत करण्याची. दहा महिन्यांच्या बाळाला अंडे आणि घट्ट वरण देण्याची नव्हे.

आता बाळाच्या वाटीकडे वळू, कारण खरी गफलत तिथे आहे. सहा महिने आईचे दूध पुरते, वरचे पाणीही लागत नाही, मधाचे बोट तर मुळीच नको. वर्षाच्या आत मधातून गंभीर विषबाधेचा धोका असतो. सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झाली, की मात्र दुधाला जोड लागते. सहा ते आठ महिन्यांत वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० कॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि दुसऱ्या वर्षात ५५० च्या आसपास. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिलिलिटर मावते. या एवढ्याशा जागेत आपण काय भरतो? वरणाचे वरचे निवळ पाणी, भाताची पातळ पेज, साबुदाण्याची किंवा आरारूटची लापशी. पचायला हलके म्हणून प्रेमाने, गाळून-गाळून दिलेले हे खाणे पोट भरते, बाळ शांत झोपते, आणि हाडांना लागणारे त्यात जवळजवळ काहीच नसते. डाळ भांड्याच्या तळाशी राहिलेली असते. बाळाला द्यायचे ते अन्न चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतके दाट हवे. भाजलेल्या तांदूळ-मुगाचे खिमट, गुरगुट्या भातात कुस्करलेले घट्ट वरण आणि वर चमचाभर तूप, त्यात शिजवून घोटलेली मेथी किंवा भोपळा, नाचणीचे सत्त्व दुधात शिजवून: आपल्या स्वयंपाकघराला हे सगळे ठाऊक आहे. आठव्या-नवव्या महिन्यानंतर गाळणी आणि मिक्सर दूर ठेवून मऊ घास हाताने कुस्करून द्यावेत.

दाटपणाइतकीच विविधता महत्त्वाची. आईचे दूध, धान्ये व कंदमुळे, डाळी व दाणे, दूधदुभते, अंडी, मांस-मासे, पिवळी-केशरी फळे आणि हिरव्या पालेभाज्या, इतर भाज्या-फळे अशा आठ गटांपैकी रोज किमान पाच बाळाच्या पोटात जावेत, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. किती वेळा खाल्ले आणि किती प्रकारचे खाल्ले हे दोन्ही धरले तर महाराष्ट्रातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी सुमारे ९ जणांनाच पुरेसा आहार मिळतो, असे २०१९-२१ चे सर्वेक्षण सांगते. देशाचा आकडाही ११ च्या पुढे जात नाही. इक्वेडोरच्या डोंगराळ भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिले, तर खुजी राहणारी मुले जवळपास निम्मी झाली. हा २०१७ चा प्रयोग फार गाजला. तोच प्रयोग मलावीत केला तेव्हा लांबीत फरक पडला नाही. तिथली मुले आधीपासून मासे खात होती, हे त्याचे एक संभाव्य कारण. अंड्यात जादू नाही, पण ज्या ताटात प्राणिज अन्न जवळजवळ नसते तिथे ते मोठी उणीव भरून काढते आणि आपल्याकडची बहुतेक ताटे तशीच आहेत. कोकणात आणि गोव्यात काटे काढलेला ताजा मासा तेच काम करतो. अंडी-मासे न खाणाऱ्या घरांत दही, पनीर, दाण्याचे बारीक कूट आणि घट्ट डाळ रोज, न चुकता द्यावी लागेल; थोडे अधिक लक्ष पुरवावे लागेल, इतकेच. अख्खा शेंगदाणा मात्र लहान मुलाच्या हाती देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो.

या ताटावर सर्वांत मोठे आक्रमण चहा-बिस्किटांचे आहे. सकाळी चहात बुडवलेले बिस्किट खाल्लेल्या मुलाला दहा वाजता भूक नसते आणि चहा अन्नातले लोहही शोषू देत नाही. राज्यातल्या पाच वर्षांखालील मुलांमधला रक्तक्षय २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन सर्वेक्षणांच्या दरम्यान ५४ टक्क्यांवरून ६९ टक्क्यांवर गेला, ही बातमी म्हणून गाजायला हवी होती. उंची वाढवण्याचे आश्वासन देणाऱ्या डब्यातल्या पावडरींविषयी एवढेच सांगतो की त्यांच्यातला मोठा वाटा बहुधा साखरेचा असतो आणि महिन्याच्या डब्याच्या पैशांत अंडी किंवा दूध किती येईल याचा हिशेब कोणालाही करता येतो.

मग अन्न दिले की झाले का? नाही. वारंवार होणारे जुलाब खाल्लेले वाहून नेतात आणि अस्वच्छ परिसरात सतत जंतू पोटात जाणाऱ्या मुलाचे आतडे दिसायला जुलाब नसतानाही नीट शोषत नाही. इथे पुरावा अवघड आहे आणि तो सोपा करून सांगणे बरोबर नव्हे. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेमध्ये स्वच्छ पाणी, शौचकूप आणि हात धुणे यांचे मोठे प्रयोग झाले. त्यांनी मुलांची लांबी वाढली नाही. पोषणाची जोड दिली तिथे थोडी पण निश्चित वाढली. मी याचा अर्थ असा घेतो की एकेका घराला शौचकूप देऊन भागत नाही, सगळी वस्ती स्वच्छ व्हावी लागते. आणि तोवर अन्न व आजारपणातली काळजी हेच हाती असलेले उपाय आहेत. जुलाबात पोटाला आराम म्हणून खाणे बंद करण्याची रीत सोडून द्यायला हवी. जलसंजीवनी, १४ दिवस जस्ताची गोळी, अंगावर पाजणे चालू, आणि बरे वाटल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त.

शेवटचा आक्षेप सगळ्यात न्याय्य आहे: हे सांगायचे कोणाला, ज्या बाईला दिवसभर खुरपणी करून घरी यायचे आहे तिला? दाट भात दिवसातून चार-पाच वेळा भरवायला सामान लागते तितकाच वेळ आणि एक रिकामा हात लागतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे वर्षाचे बाळ दिवाळीनंतर चार-पाच महिने फडाच्या कडेला वाढते, गावच्या अंगणवाडीच्या यादीत नाव असूनही. अशा घराला आहाराचे धडे देणे हे क्रूर आहे. त्यांना पाळणाघर हवे, फडापर्यंत पोहोचणारा ताजा आहार हवा. आदिवासी भागात २०१५ पासून चालू असलेल्या अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी देण्याची तरतूद आहे. दिशा हीच बरोबर, ती रेंगाळू देता कामा नये. पण गरिबी हे संपूर्ण उत्तरही नव्हे. देशातल्या सर्वांत सधन पाचव्या हिश्श्यातली २३ टक्के मुले खुजी आहेत. त्यांच्या घरी डाळ आहे, दूध आहे, फ्रिज आहे. तिथे कमी पडते ती माहिती, आणि पुष्कळदा आईचा शब्द. सासूबाईंनी काढून दिलेले वरणाचे पाणी नको म्हणायची सोय नसते. बाबांनी आणि आजींनीही या गोष्टी समजून घेतल्या तर फरक पडेल, कारण भरवणारे हात बहुतेक वेळा त्यांचेच असतात.

दोन वर्षे उलटून गेलेल्या खुज्या मुलाच्या पालकांनी हे वाचून खचून जाऊ नये. ग्वाटेमालाच्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात झालेल्या प्रयोगात प्रथिनयुक्त पेजेचा लांबीवरचा परिणाम तीन वर्षांखालीच दिसला, हे खरे. ती पेज दोन वर्षांच्या आत मिळालेले पुरुष मोठेपणी तासाला ४६ टक्के जास्त कमावत होते, हेही खरे. पण जमैकात खुज्या बाळांच्या घरी दर आठवड्याला जाऊन, घरगुती खेळणी घेऊन, आईला मुलाशी बोलायला-खेळायला शिकवले गेले. दोन वर्षांच्या या खेळाने लांबी वाढली नाही. बुद्धी वाढली, आणि वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई त्यांच्यासारख्याच इतर मुलांपेक्षा २५ टक्के जास्त निघाली. लांबी थांबलेली दिसली की मेंदूलाही मदत हवी आहे असे समजून त्याच दिवसापासून बोलणे, गाणे, गोष्टी, मातीत खेळणे वाढवावे आणि जेवताना समोर धरलेला मोबाइल काढून घ्यावा.

मोजणे अवघड नाही, पण त्याला दोन माणसे लागतात. दोन वर्षांपर्यंत बाळाला फळीवर आडवे निजवून एकाने डोके वरच्या टोकाला टेकवून धरायचे, दुसऱ्याने गुडघे हलके दाबून पावले सरकत्या फळीला लावायची. दोन वर्षांनंतर भिंतीशी उभे करून. पोषण अभियानानंतर पुष्कळ अंगणवाड्यांत ही साधने आली आहेत. ताईंना वजनाबरोबर लांबीही घ्यायला सांगावे आणि दर तीन महिन्यांनी ती आलेखावर कशी सरकते ते त्यांच्याकडून समजून घ्यावे. एक ठिपका काही सांगत नाही, चार ठिपक्यांची रेषा सांगते. दोन वर्षांचा मुलगा उभ्याने ८१ सेंटिमीटरच्या खाली असेल, किंवा रेषा दोनदा आडवी पडली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. तीन वर्षांनंतर वर्षाला ५ सेंटिमीटरहूनही कमी उंची वाढत असेल तर आहाराखेरीज थायरॉइड, गव्हाची अ‍ॅलर्जी समजला जाणारा आतड्याचा विकार, मूत्रपिंड आणि वाढीचे संप्रेरक यांची तपासणी करावी लागते. यातल्या कित्येक गोष्टींवर साधा उपचार असतो. हाडांची टोके जुळून आली की मात्र कोणतेही औषध उंची वाढवू शकत नाही. पालक बहुतेकदा आठवी-नववीत, वर्गातल्या रांगेत मूल पहिले उभे राहू लागल्यावर दवाखान्यात येतात; ही तपासणी पहिलीच्या आधी व्हायला हवी.